मोजलं कोणी?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की शेतीवरचा शास्त्रीय लेख हाती आला की मी आधी आकडे नाही, क्रियापदं पाहते. त्या एका वाक्यावर यावेळी बरीच पत्रं आली. एकाने चिमटाही काढला : ‘ताई, तुम्ही कापसाच्या बाई का व्याकरणाच्या?’ कापसाचीच. एका कापूस संशोधन प्रक्षेत्रावर मी ३१ वर्षं कृषी सहायक होते. म्हणजे साहेबांच्या लेखात जिथे ‘नोंदी घेण्यात आल्या’ असं छापलं आहे, तिथे वही काखेत धरून गुडघाभर ओल्या पऱ्हाटीत मी उभी होते. क्रियापदांचा नाद तिथूनच लागला. आता दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी असते. घरची सहा एकर आहे, त्यात कापूस-तूर.

प्रश्न : कृषी केंद्रात एका पीकवर्धकाचं पत्रक मिळालं. ‘संशोधनाअंती सिद्ध! कापूस उत्पादनात ३० टक्क्यांपर्यंत वाढ’ असं त्यावर आहे. दुकानदार म्हणतो, संशोधन खोटं असते का? पोरगा म्हणतो, चुलीत घाला. काय करावं?
– एक शेतकरी, घाटंजी तालुका

चुलीत घालू नका, आधी वाचा. सहा-सात शब्दांचं वाक्य आहे, पण त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

‘पर्यंत’ घ्या. तीस टक्क्यांपर्यंत म्हणजे शून्यही आलं, पाचही आलं. वीस शेतांपैकी एका शेतात तीस मिळालं आणि बाकीच्यांत काहीच नाही, तरी हे वाक्य खरंच. मग ‘सिद्ध’. इथे क्रियापदच नाही. कोणी सिद्ध केलं, कुठल्या जमिनीत, किती हंगाम, हे विचारायला जागाच ठेवलेली नाही. आणि ‘वाढ’. कशापेक्षा? काहीच न फवारलेल्या वाफ्यापेक्षा, नुसतं पाणी फवारलेल्यापेक्षा, की नेहमीचं दोन टक्के युरिया फवारलेल्यापेक्षा? शेवटच्या तुलनेत वाढ निघाली तरच तुम्ही खिशात हात घालावा, कारण युरिया तुमच्या घरी पडलेलाच आहे.

दुकानदाराला म्हणा, संशोधनाचा तक्ता दाखव. मिळाला तर तळाची ओळ पाहा. तिथे ‘सी.डी. (५ टक्के)’ असं लिहून एक आकडा असतो. सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स; दोन उपचारांत निदान एवढा फरक पडला तरच तो धरायचा. समजा, न फवारलेल्याला हेक्टरी १४.२ क्विंटल आले, फवारलेल्याला १५.१, आणि सी.डी. आहे १.८. फरक ०.९ चा, म्हणजे सी.डी.पेक्षा कमी. असा फरक औषधात काही दम नसतानाही पडू शकतो, कारण एकाच शेतात एक वाफा चोपणाचा असतो, एक भारी मातीचा. अशा दोन आकड्यांना लेखात ‘समतुल्य’ म्हणायची रीत आहे. पण पत्रक लिहिणारा ‘समतुल्य’ लिहीत नाही, तो लिहितो, ‘या उपचारात सर्वाधिक उत्पादन आढळले’. तेही खोटं नाही. वर्गात दोनच पोरं असली तरी एकाचा पहिला नंबर येतोच.

सी.डी.च्या जागी ‘एन.एस.’ असेल, तर आकड्यांकडे बघायचीही गरज नाही. फरक ठरवता आला नाही, असं लेखकानेच कबूल केलं आहे.

प्रश्न : प्रबंधात ‘मी’ लिहायचं नाही, ‘निरीक्षणे नोंदविण्यात आली’ असंच लिहायचं, असं आमचे सर सांगतात. तुम्ही तर क्रियापदामागचा माणूस शोधा म्हणता. मग लिहू कसं?
– एम.एस्सी. (कृषी)ची विद्यार्थिनी, अकोला

बाई, सर सांगतात तसं लिही. पदवी आधी. पण हा शास्त्राचा नियम आहे असं मनात धरू नकोस. ती नंतर पडलेली चाल आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक १६६५ साली निघालं, तेव्हा त्यातला पुष्कळ मजकूर सरळ पत्रांचा असे. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक आपल्या भिंगातून काय दिसलं ते ‘मी पाहिलं’ असंच कळवायचा. पार इकडे, १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवर जेमतेम पानभराचा लेख लिहिला, तो ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ असाच सुरू होतो. शेवटाकडे ते म्हणतात, की आम्ही मानलेल्या या जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल हे लगेच सुचतं, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही. केवढी मोठी गोष्ट, आणि सांगायची तऱ्हा बघ! आमच्याकडे सून लाखात एक मिळाली तरी म्हातारी ‘बरी हाय’ एवढंच म्हणते, तशातली. पण त्या नम्रपणात हुशारीही आहे. पुरावा नाही, म्हणून ‘सिद्ध झालं’ म्हटलं नाही. आणि उद्या दुसऱ्या कोणी म्हटलं तर आम्हाला आधीच सुचलं होतं, ही मेखही मारून ठेवली.

आता ‘-ण्यात आले’बद्दल. ते सगळीकडे वाईट नाही. ‘जमीन नांगरण्यात आली.’ कोणी नांगरली याने काय फरक पडतो? पण ‘तुडतुड्यांनी झालेल्या नुकसानीची प्रतवारी करण्यात आली’ म्हटलं, की थांबायला हवं. पानाच्या कडा किती पिवळ्या, किती वाकड्या, हे डोळ्यांनी ठरतं. मी ज्याला दोन म्हणायचे त्याला आमचा दुसरा सहायक तीन म्हणायचा. दोघांनी अर्धे-अर्धे वाफे केले, की औषधाचा फरक कुठे संपतो आणि आमच्या डोळ्यांचा कुठे सुरू होतो, ते साहेबांनाही सांगता येणार नाही. तिथे पॅसिव्हमध्येच एक शब्द वाढव : ‘एकाच निरीक्षकाकडून’. ‘मी’ न लिहिता माणूस वाक्यात येतो. आणि ‘असे मानण्यात येते’ हे मात्र लिहूच नको. मानतं कोण, ते सांग, नाहीतर वाक्य खोड.

मराठीत एक सोय चांगली आहे, तिचा उपयोग कर. ‘आढळलं’ म्हणजे डोळ्यांनी पाहिलं. ‘सूचित होतं’ म्हणजे पाहिलेल्यावरून एक पाऊल पुढे टाकलं. ‘असावं’ म्हणजे अंदाज. आणि ‘मुळे’. दोन अक्षरं, पण सगळ्यात महाग. ‘पावसामुळे’, ‘औषधामुळे’ लिहिताना हात जड व्हायला पाहिजे. निकालांच्या प्रकरणात ‘आढळलं’ असावं आणि चर्चेच्या प्रकरणात ‘असावं’. ज्या लेखात मागच्या पानावरचं ‘असावं’ सारांशात जाऊन ‘आहे’ होतं, तो लेख मी शेवटून पुन्हा सुरुवातीकडे वाचत जाते.

ही शिस्त काही साहेबाने विलायतेहून आणलेली नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा कोणती गोष्ट कोणी सांगितली आणि त्याच गोष्टीबद्दल दुसऱ्याचं म्हणणं काय, हे वेगवेगळं राखलं. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांची खिचडी केली नाही. सातशे वर्षांपूर्वी गावोगाव फिरून विचारणाऱ्या माणसाला हे जमत होतं, तर आपल्याला ‘संदर्भ’ या एका शब्दावर सगळं ढकलायचं कारण नाही.

आता माझी तक्रार सांगते. एका हंगामात आमच्याकडे आठ ट्रीटमेंट, तीन पुनरावृत्ती, म्हणजे आठ उपचार प्रत्येकी तीन-तीन वाफ्यांत, असे चोवीस वाफे होते. दिवाळीच्या सुमारास एका रात्री रोही (नीलगायी) घुसले आणि तिसऱ्या पुनरावृत्तीतला कडेचा एक वाफा बुडख्यासकट साफ केला. मी वहीत लिहिलं, ‘रोह्यांनी खाल्ला, वेचणी नाही’. साहेबांनी हिशेब करून त्या जागी आकडा भरला. यात चोरी काही नव्हती. हरवलेल्या वाफ्याचा आकडा उरलेल्यांवरून काढायचं सूत्र इंग्लंडमधल्या रोथॅम्स्टेडच्या येट्सने १९३३ सालीच देऊन ठेवलं आहे आणि ते आजही शिकवतात. पण त्याची एक किंमत द्यावी लागते. तो आकडा मोजलेला नसतो, म्हणून त्रुटीच्या स्वातंत्र्यमात्रांतून (त्रुटीचा अंदाज किती मोकळ्या आकड्यांवर टेकला आहे, ती संख्या) एक वजा करावी लागते, चौदाच्या तेरा. आणि तक्त्याखाली एक तारा काढून तसं लिहावं लागतं. अहवाल छापून आला, त्यात तारा नव्हता, रोही नव्हते. चोवीसही वाफे धडधाकट. मी विचारलं तर साहेब म्हणाले, ‘रोही शास्त्रीय वाटत नाही हो बाई.’ आमचा मजूर तिथेच कुदळीला दांडा बसवत होता, तो म्हणाला, ‘खाल्लं त खाल्लं म्हना ना साहेब. रोही काय तुमच्या घरचे हायेत का लपवाले?’

तुझ्या प्रबंधात एखादा वाफा बुडाला असेल, तर तारा काढ.

प्रश्न : तक्त्यात ‘प्रादुर्भाव १२.३७ टक्के’ असा दोन दशांशांचा आकडा असला म्हणजे काम बारकाईने झालं असं समजावं का?
– एक वाचक, हिंगणघाट

हा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण ही बोंडं मी फोडलेली आहेत.

गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवंगार, छिद्र बुजून गेलेलं, आत सरकी पोखरलेली. म्हणून प्रत्येक वाफ्यातून वीस हिरवी बोंडं तोडायची, चाकूने चिरायची आणि आत अळी किंवा तिची खूण असेल तर काडी मारायची. चोवीस वाफ्यांची ४८० बोंडं. दुपारपर्यंत बोटं काळी पडतात आणि तो डाग आठ दिवस जात नाही.

आता हिशेब करा. वीस बोंडांत एक किडकं निघालं तर पाच टक्के. मधला आकडा नाहीच. शून्य, पाच, दहा, पंधरा. एका ट्रीटमेंटचे तीन वाफे, म्हणजे साठ बोंडं. साठांत सात किडकी असतील तर ११.६७ टक्के, आठ असतील तर १३.३३. एका दिवसाच्या मोजणीत १२.३७ येणार कुठून? साडेसात बोंडं तर कोणी किडवली नाहीत. असा आकडा दिसला तर तो अनेक मोजण्यांची सरासरी असेल, किंवा टक्केवारीचं आर्कसाइन रूपांतर करून (म्हणजे हिशेबापुरते टक्के कोनात बदलून) सरासरी परत फिरवलेली असेल. दोन्ही गोष्टी रीतसर आहेत, पण तक्त्याखाली तसं लिहिलेलं हवं. नसेल तर विचारा. मानसशास्त्रातल्या लेखांवर असाच ताळा करून पाहायची पद्धत ब्राउन आणि हेदर्स या दोघांनी २०१६ साली मांडली, तिला ‘ग्रिम’ चाचणी म्हणतात. पूर्णांकात मोजलेल्या गोष्टींची सरासरी त्या नमुन्यात शक्य तरी आहे का, एवढंच ती पाहते. गुणाकार-भागाकाराचं काम, आठवीतल्या पोराकडून करून घ्या.

दशांश चिन्हापुढचे आकडे कॅलक्युलेटर देतो, हो. बोंड देत नाही.

प्रश्न : मराठीतलं शेतीशास्त्र वाचवत नाही. संज्ञा जड आहेत. सरळ इंग्रजी शब्द का वापरू नयेत?
– निवृत्त मुख्याध्यापक, मोर्शी

गुरुजी, दुखणं संज्ञांचं नाही. हे वाक्य पाहा, माझ्याच एका जुन्या टिपणातलं : ‘पात्या-फुलांच्या गळीच्या प्रमाणात घट घडवून आणण्याच्या दृष्टीने संजीवकाच्या फवारणीची अंमलबजावणी करण्यात यावी.’ यात जड संज्ञा एकच, संजीवक, आणि ती आता पानठेल्यावरही चालते. तरी वाक्य चालत नाही, कारण गळणं, घटणं, फवारणं ही तिन्ही क्रियापदं नामं होऊन बसली आणि ओढायला एकटं ‘करण्यात यावी’ राहिलं. ‘पाती-फुलं गळू नयेत म्हणून संजीवक फवारा.’ झालं.

शब्द तर आपल्या लोकांनी असे पाडले आहेत की विद्यापीठांनीही तेच घेतले. अळीने पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्या, की न उमललेलं फूल गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, त्याला ‘डोमकळी’. पानाखाली दह्यासारखे पांढरे ठिपके, तो ‘दहिया’. पण इथे एक फसगत आहे, ती गुरुजींनी वर्गात जरूर सांगावी. ‘लाल्या’ हे दिसण्याचं नाव आहे, कारणाचं नाही. पान लाल पडतं ते मॅग्नेशियम कमी पडलं म्हणून, नत्र कमी पडलं म्हणून, मुळाशी पाणी साचलं म्हणून, तुडतुड्यांनी रस शोषला म्हणून, रात्री एकदम थंडी पडली म्हणून. मग कुणी लिहितो, ‘लाल्यामुळे पाने लाल होऊन उत्पादन घटले’. हे म्हणजे ताप आल्यामुळे अंग गरम झालं म्हणण्यासारखं. वाक्य गोल फिरून जाग्यावर येतं आणि शेतकरी दुकानात जाऊन ‘लाल्याचं औषध’ मागतो. दुकानदार देतोही.

प्रश्न : बीटी कापसावर तीन ठिकाणी तीन गोष्टी वाचल्या. एकात ८० टक्के वाढ, एकात २४, आणि एकात वाढ बीटीची नव्हेच. सगळे शास्त्रज्ञच. आम्ही २०१७ साली बोंडअळीने घर धुऊन गेलेले लोक. खरं कोण?
– एक कापूस उत्पादक, वणी तालुका

खोटं कोणीच नाही, असं म्हटलं तर तुम्हाला राग येईल. पण तिघांनी तीन वेगळ्या तुलना केल्या आहेत.

८० टक्क्यांचा लेख कैम आणि झिल्बरमन यांचा, २००३ सालचा, ‘सायन्स’मधला. बीटीला, म्हणजे बोंडअळी मारणारं विष स्वतःच्याच अंगात तयार करणाऱ्या कापसाला, आपल्याकडे परवानगी मिळाली २००२ साली; हे आकडे त्याच्या आधीच्या, २००१ च्या हंगामातल्या १५७ शेतांवरच्या चाचण्यांचे. चाचण्या बियाणे कंपनीने घेतलेल्या. बीटी वाण आणि त्याचाच बिगर-बीटी भाऊ, शेजारी-शेजारी. हंगाम एकच, आणि त्यात बोंडअळीचा जोर मोठा. जिथे अळी जास्त तिथे अळी मारणाऱ्या वाणाचा फरक जास्त दिसणारच. मोठ्या पुराच्या वर्षी बांधाची किंमत कळते तसं. तेव्हा प्रश्न आकड्याचा नाही, ‘एका वर्षावरून दरवर्षीचं बोलता येईल का’ हा आहे.

२४ टक्के म्हणणाऱ्या दोघांतही कैम आहेतच, सोबत काथागे, साल २०१२. यावेळी २००२ ते २००८ या काळात त्याच त्या शेतकरी कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती घेतली. म्हणजे तुलना चाचणीच्या वाफ्यांची नाही, तर तुमच्या-माझ्यासारख्यांच्या शेतांची, आणि बऱ्याच वर्षांची. आकडा ८० वरून २४ वर आला ही लबाडी नव्हे. पण सारांशातलं क्रियापद बघा : बीटीने एकरी उत्पादनात वाढ ‘घडवून आणली’. आमचं ‘मुळे’ आलं! हुशार शेतकरी बीटीही आधी घेतो आणि खतही वेळेवर देतो, त्याचं काय, हा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही. तो वेगळा काढायला त्यांनी गणित केलं आहे, आणि त्या गणितावर किती विश्वास ठेवायचा यावर सगळा लेख उभा आहे. म्हणून अशा लेखात मी निष्कर्षाआधी पद्धतीचं प्रकरण वाचते.

तिसरा लेख २०२० चा, ‘नेचर प्लांट्स’मधला. लिहिणारे ग्लेन स्टोन आणि के. आर. क्रांती. यांतले क्रांती आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांनी शेत सोडून राज्यं घेतली आणि वीस वर्षं घेतली. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्या राज्यात बीटी किती पसरलं आणि तिथे उत्पादन केव्हा वाढलं, हे जुळत नाही. खताचा वापर वाढला त्याच्याशी जास्त जुळतं. आणि कीटकनाशकावरचा खर्च सुरुवातीला उतरला तो पुन्हा आधीच्या वर चढला. हाही युक्तिवाद एका जागी ठिसूळ आहे. राज्याच्या सरासरीत गुजरातचं ओलीत आणि महाराष्ट्राचं कोरडवाहू आपापल्या जागी दिसतात, पण वणीतल्या एका शेतात काय झालं ते दिसत नाही.

तुम्हाला माझं मत हवं असेल, तर पहिल्या वर्षांत अळीपुरता फायदा झाला हे मी माझ्या हाताने फोडलेल्या बोंडांत पाहिलं आहे. पुढे गुलाबी अळी त्या विषाला पचवायला शिकली, हेही बोंडांतच पाहिलं. तिन्ही लेखांपैकी एकाच्याच बाजूने मी उभी राहणार नाही, पण एकच लेख हातात धरून भाषण ठोकणाऱ्यापासून लांब राहीन.

जाता जाता, सरकारी तक्त्यातलं हेक्टरी उत्पादन रुईचं असतं, सरकीसकट कापसाचं नाही. रुई साधारण एक-तृतीयांश धरा. हेक्टरी ५०० किलो रुई म्हणजे एकरी सहा क्विंटल कापूस. हे न कळून आमच्या गावच्या पारावर एकदा चांगली जुंपली होती.

प्रश्न : औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी ना?
– आर्णी

नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा उतरता क्रम आहे, आणि हिरवाही विषाच्याच शिडीची शेवटची पायरी. हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळ्यांना ‘मोजलं कोणी’ म्हणून विचारता. तुम्ही स्वतः कधी चुकीचं मोजलं का?
– नाव लिहिलेलं नाही, शिक्का पुसदचा

हो. पांढरी माशी सकाळी मोजायची असते. उन्ह चढलं की पान उलटण्याआधीच ती उडते, आणि आकडा कमी येतो. एका ऑगस्टमध्ये एसटी नाल्याच्या पुराने अडकली आणि मी शेतावर पोचले साडेअकराला. पाच-पाच झाडांची वरची, मधली, खालची पानं उलटून मोजलं. वहीत वेळेचा रकाना होता. त्यात मी ‘सकाळी ८’ लिहिलं. त्या आठवड्यात सगळ्याच औषधांनी माशी झकास आटोक्यात आलेली दिसते. अहवाल छापला गेला, त्या पानावर आलेखाची रेघ एका जागी खाली वाकली आहे आणि तिच्याखाली लिहिलंय, ‘पावसाच्या उघडिपीमुळे असावे’.